मोठ्या अक्षरांची पोथी

भोरच्या एसटी स्टँडसमोर स्वरूपचं छपाईचं दुकान. सातबारा, अर्ज, लग्नपत्रिका, जे येईल ते छापायचं. इतर दुकानदार माऊस फिरवत बसतात. हा काळ्या पडद्यावर एकच ओळ टाईप करायचा. कोणती फाईल, कोणता फॉन्ट, केवढं अक्षर. एंटर दाबलं की साध्या मजकुराची फाईल पानापानांत मांडली जाऊन प्रिंटरमधून बाहेर. प्रोग्रॅम फुकटात मिळालेला, म्हणून बायको रत्ना त्याला ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून चिडवायची.

उत्रोलीच्या पुढच्या वाडीतले कुंडलिकनाना हे त्याचं दर वर्षीचं गिऱ्हाईक. कार्तिकात भैरवनाथाचा जन्म असतो, त्या दिवशी देवळात नाना नाथाची कथा वाचत. कथा त्यांच्या आज्यानं रचलेली. मूळ वही वाळवीनं खाल्ली, पण त्याआधी स्वरूपनं ती टाईप करून ठेवली होती, एवढं वाडीचं नशीब. आणि वाडीचा रिवाज कडक होता. कथा पानावरूनच वाचायची, तोंडपाठ म्हणायची नाही. तोंडपाठ म्हणणाऱ्याच्या जिभेवर नाथ नसतो, त्याची मिजास असते, असं जुनी माणसं सांगत. ज्याला पान दिसेना, त्यानं वाचनाचा पाट सोडायचा.

नानांना पान दिसेनासं होत चाललं होतं. पुण्याच्या डॉक्टरनं डोळ्याची शीर वाळली म्हणून सांगितलं. नाना म्हणायचे, "डाक्टरला काय कळतंय? आजकाल छापत्यातच बारीक." मग स्वरूप त्या ओळीतला अक्षराचा आकडा वाढवायचा. सोळाचा चोवीस झाला, चोवीसचा चाळीस, चाळीसचा ऐंशी. यंदा तर एका पानावर जेमतेम एक ओवी मावत होती आणि पोथीचं चांगलं गाठोडं झालं होतं.

यंदा जन्माच्या आदल्या दिवशीच स्वरूपच्या मशीननं जीव सोडला. नवी डिस्क टाकली, सगळं पुन्हा बसवलं, नानांची फाईल पेनड्राईव्हवरून परत घेतली. मराठी फॉन्ट टाकायचा तेवढा राहिला, आणि ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. जन्माच्या दिवशी सकाळी दुकानात झेरॉक्सला मरणाची गर्दी. त्यानं नेहमीची ओळ टाईप केली, प्रिंटर चालू झाला. प्रिंटर पानं पालथी टाकतो. त्यानं ती तशीच गोळा केली, लाल फडक्यात बांधली आणि एसटीसाठी खोळंबलेल्या सगुणाबाईच्या, म्हणजे नानांच्या सुनेच्या, हातात दिली.

दुपारी एका शिकवणीची जाहिरात छापली आणि पान उलटून बघतो तो अक्षरांच्या जागी चौकोन. रिकामे चौकोन, ओळीनं. फॉन्ट नसला की मशीन असंच करतं. ओरडत नाही, कुरकुरत नाही, निमूट चौकोन काढून देतं. म्हणजे सकाळची पोथीही अशीच गेली. सगुणाबाईला फोन लावला, पण देवळाच्या गडबडीत तो कोण उचलतंय? नव्यानं छापायचं तर तास-दीड तास जाणार. निदान वाचन थांबवायला सांगू, म्हणून त्यानं मोटरसायकलला किक मारली.

खाचरांत भाताची झोडणी चालली होती, रस्त्यावर पेंढा सांडलेला. तो देवळाशी पोचला तेव्हा वाचन सुरू झालेलं होतं.

सुरू झालेलं? स्वरूप पायरीवरच थबकला. नाना पाटावर बसलेले, पान नाकाशी धरलेलं, आवाज खणखणीत. बोट ओळीवरून सरकत होतं. ओवी संपली की पान बाजूला, दुसरं हातात. समोर माणसं मान डोलावत होती, देवळाचा पंच धनाजी सगळ्यांत पुढं. स्वरूप खांबाआडून नानांच्या मागं जाऊन बसला आणि त्यांच्या खांद्यावरून त्यानं पान पाहिलं. चौकोनच होते. नाना चौकोन वाचत होते.

मग त्याला सगळं कळलं. गेल्या वर्षीही असंच असेल, कदाचित त्याच्या आदल्या वर्षीही. आपण आकडा वाढवत राहिलो आणि म्हातारा केव्हाच अंधारात गेला. त्याला रडू आलं. बोलावं तर धनाजी भर देवळात पाट काढून घेणार. माणूस वाईट नव्हता, पण रिवाज म्हणजे रिवाज. न बोलावं तर नाथाच्या दारात लबाडी. इकडे आड, तिकडे विहीर. तो नानांच्या सरकत्या बोटाकडं बघत राहिला.

आणि कथेत जन्माच्या जरा अलीकडे नाना अडले.

त्यांनी पान खाली ठेवलं, पुन्हा उचललं. बोट ओळीच्या सुरुवातीला जाऊन थांबलं. सगुणाबाईनं पदर तोंडाशी नेला. ही कथा अख्खी स्वरूपच्या बोटांखालून गेलेली, पण आता पुढची एक ओळ आठवेल तर शपथ.

"काय झालं वो, नाना?" धनाजीनं विचारलं.

"छापणारा आलाय न्हवं? मगा गाडी वाजली," नाना म्हणाले. "स्वरूपा, हितं ये."

स्वरूप पुढं झाला. नानांनी पान त्याच्याकडं केलं.

"बघ रं, हितं शाई पुसट झालीया का?"

सगळं देऊळ त्याच्याकडं बघत होतं. पानावर काळेभोर, ठसठशीत चौकोन होते.

"व्हय, नाना. लई पुसट झालीया. माझीच चूक," म्हणून त्यानं पानाची घडी करून ती खिशात घातली.

"मग ऱ्हाऊ दे. फुडलं पान घेतो."

नानांनी पुढचं पान उचललं आणि राहिलेलं टाकून ते थेट जन्मावर आले. गुलाल उधळला, चांगभलं झालं. त्या गोंगाटात कुणाला काही उणं वाटलं नाही.

माणसं पांगल्यावर नाना चाचपत फडक्याला गाठ मारत होते.

"नाना, द्या ती. नव्यानं छापून आणतो," स्वरूप म्हणाला.

"कशाला? औंदा अक्षर झ्याक हुतं." नाना आवाज खाली आणून म्हणाले, "फुडल्या साली मातर आनखी मोटं काड."

"किती मोठं, नाना?"

नानांनी त्याच्या आवाजाच्या रोखानं तोंड वळवलं, पण ते जरा डावीकडं चुकलं.

"मला दिसंल येवडं," ते म्हणाले.