शिसं काढून पळवलेली होडी

मित्रांनो, मी एक जुनी होडी आहे. खरी नव्हे, नमुन्याची, माणसाएवढी लांब. माझ्या काचेच्या कपाटाला रोज फडकं मारतात. येणारेजाणारे म्हणतात, "काय देखणी आहे!" ते ऐकलं की मला शिसारी येते.

बेटावरच्या आजाऱ्यांना झटकन दवाखान्यात आणायला विजेवर चालणारी वेगवान होडी बांधायची होती. तिचा आकार ठरवण्यासाठी आधी मला लाकडातून घडवलं. लांबलचक हौदात यंत्र मला ओढायचं आणि पाणी मला किती अडवतं, ते आराखडे करणाऱ्या ताई मोजायच्या. बॅटरीच्या वजनाऐवजी माझ्या पोटात शिशाचे तुकडे ठेवत. ताईंची आई त्याच बेटावर राहायची, म्हणून ताई जीव ओतून काम करत.

एके दिवशी होडीसाठी पैसे देणारे पाहुणे आले. मी जडपणे पाणी कापत होते. ताईंच्या वरच्या साहेबांचं तोंड कडू झालं.

"अहो ताई, ते शिसं काढा हो! जरा पळू दे की तिला."

"साहेब, शिसं म्हणजे बॅटरी आहे. ती काढून कसं चालेल? वजन पेलायला तळच रुंद करायला हवा."

"वजनाचं नंतर बघू. पाहुण्यांसमोर शोभा नको."

शिसं काढलं. मी सुसाट सुटले, टाळ्यांचा कडकडाट झाला आणि माझ्याच आकारावर शिक्कामोर्तब झालं. छी! रिकामी हातगाडी कुणीही पळवेल.

मोठी होडी बांधली, बॅटरी बसवली, आणि वेग घेताना होडीचं बूड जसं पाण्यावर उचललं जायला हवं, तसं त्या वजनाने उचललं जाईना. नुसतं पाणी ढकलत राहिली. अशातच ताईंच्या आईला अर्धांगाचा झटका आला. तिला घेऊन होडी निघाली आणि निम्म्या वाटेत बॅटरी संपली. शेवटी डिझेलच्या जुन्या लाँचने दोर लावून ओढत आणलं. आई वाचली, पण उजवा हात गेला आणि वाचाही गेली.

ती होडी आता धक्क्यावर ताडपत्रीखाली पडून आहे. आणि मी? 'वेगाचा विक्रम' अशी पाटी लावून कपाटात! किळस येते मला त्या पाटीची.

परवा ताई आल्या. "साहेब, चावी द्या. हिचा तळ कापून रुंद करते. शिसं घालून पुन्हा ओढून बघू."

"वेड लागलंय का? इतकी सुंदर वस्तू कापायची?"

"सुंदर आहे का, ते माझ्या आईला विचारा. बोलली तर बोलली."

साहेबांनी खाली बघितलं, पण चावी खिशातून काढली नाही.

मित्रांनो, माझी काळजी वाटत असेल तर काच पुसू नका. साहेबांकडे चावी मागा. मला करवतीची भीती नाही. बेटावर माणसं अजून आजारी पडताहेत.