झाकणाच्या आतली खूण

लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने ‘अंकिता’ असं लिहिलं गेलं आणि माझं म्हाळसा हे नाव त्या तांदळाबरोबरच कुठल्याशा डब्यात गेलं. सासूबाईंचं, म्हणजे गिताबाईंचं, कारण चोख होतं. “द्येवीचं नाव हाय गं त्ये. म्हाळसा, भांडी घास, आसं कसं म्हनू मी?” भांडी मात्र घासायची होतीच.

त्याआधी सहा वर्षं मी दौंडला, स्टेशनमागे, सोपानआप्पांच्या टेबलावर कॅमेऱ्यांची शटरं दुरुस्त करत होते. जुन्या लाकडी, मोठ्या कॅमेऱ्यांवर फोटो काढणारे हौशी लोक अजून आहेत, पुण्याला, बंगळूरला. त्यांच्या भिंगांच्या मधोमध एक गोल शटर असतं आणि त्यात कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ पोलादी पाकळ्या, मधून उघडणाऱ्या आणि मधेच मिटणाऱ्या. आतलं ग्रीस वाळलं की एका सेकंदाला लावलेल्या पाकळ्या दीड सेकंदाने मिटतात, नाहीतर अर्ध्यात रुसून बसतात. मग सगळं उघडायचं, धुवायचं, कोरडं करायचं, पाकळ्यांना तेलाचा थेंबही लागू द्यायचा नाही, आणि झाकण बसवण्याआधी त्याच्या आतल्या बाजूला सुईने आपली खूण आणि तारीख कोरायची, म्हणजे पुढे उघडणाऱ्याला कळतं, आधी कुणाचा हात लागलाय. माझी खूण ‘म्हा’. मी डावखुरी, त्यामुळे तिचा काना डावीकडे कललेला, वाऱ्यावरच्या ज्वारीसारखा.

शिरूरला, सासरी, मागच्या खोलीत, खिडकीपाशी, मला टेबल मिळालं. माझे यजमान बिरदेव सणसवाडीच्या कंपनीत जात, सासूबाई दुपारी निजत. आम्हा दोघींत बोलायचे विषय दोनच, नळाला पाणी कधी येणार आणि बिरदेवची बस कधी येणार. आई लहानपणीच गेली आणि वडील भावाकडे सुरतेला, त्यामुळे माहेर म्हणावं असं दौंडात आप्पांचं टेबलच उरलं होतं; आणि टेबलाला भेटायला कुणी सुनेला पाठवत नाही. पण बिरदेवनी कबूल केलं होतं, दसरा झाला की आठवड्यातून दोन दिवस दौंडला जायचं, आप्पांशेजारी बसून काम करायचं. मी दिवस मोजत होते म्हणणं जरा नाटकी होईल. पण मोजत होते.

श्रावण लागता लागता पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाइकाचं शटर आलं. झाकण काढलं, तर आत माझी खूण, फेब्रुवारीतली. आणि तिच्याखाली आणखी एक ‘म्हा’. चौदा जुलै.

आमचं लग्न मे महिन्यातलं.

आप्पांनी माझ्या आठवणीखातर कोरली असेल, असं वाटून मला क्षणभर भरूनही आलं. मग भिंग डोळ्याला लावलं. खालचा काना डावीकडे कललेला होता. आप्पा उजव्या हाताचे, आणि त्यांचा तो हातही आता थरथरतो.

संध्याकाळी बिरदेव आल्यावर मी म्हटलं, “अहो, हे बघा जरा.”

“तूच क्येलं आसशील की.”

“जुलैत मी इथं होते.”

“मग तारीख चुकली आसंल. शिफ्टमदी माज्या बी चुकत्यात.” आणि चहात पाव बुडवून ते मोबाइल बघू लागले.

पंधरा दिवसांनी दुसरं आलं. सोबत चिठ्ठी होती, ‘नागपंचमीला दौंडला तुम्हीच करून दिलंत, उत्तम चालतंय. एकदा तपासून द्यावं, म्हणून आता नव्या पत्त्यावर पाठवतोय.’ नागपंचमीला मी सासूबाईंबरोबर दिंडं उकडत होते. उजव्या हाताने, कारण या घरात डाव्या हाताने वाढलेलं चालत नाही. मी शटर एका सेकंदाला लावलं, सोडलं. आतली चाकं गुणगुणली, पाकळ्या उघडल्या, मिटल्या. फोनवर पुन्हा पुन्हा मोजलं. बरोबर एक सेकंद. शिरूरला आल्यापासून माझ्या हातून असा सेकंद एकदाही बसला नव्हता. झाकणाच्या आत तीच खूण, माझ्यापेक्षा नेटकी.

सासूबाई आत घोरत होत्या. मी दौंडला फोन लावला. दसऱ्यानंतरचं विचारायचं होतं, एवढंच. माझी जागा राखून ठेवली आहे ना, एवढंच.

“कोन?” आप्पा नेहमीप्रमाणे ओरडले.

“आप्पा, मी म्हाळू.”

ते हसले. “चेष्टा करता व्हय म्हाताऱ्याची? म्हाळू हितं माझ्याम्होरं बसलीया. कोन बोलतंय?” मग मला नव्हे, पलीकडे कुणाला तरी म्हणाले, “घे गं, तुजं गिऱ्हाईक दिसतंया.”

फोन हातातून हातात गेला. मागे मालगाडीचं इंजिन शंटिंग करत होतं.

“बोला,” ती म्हणाली, थोडं दाताआडून, बारीक स्क्रू ओठांत धरून बोलल्यासारखं. तो आवाज मी आतून रोज ऐकते; बाहेरून ऐकण्याची ही पहिलीच वेळ.

तू कोण, असं विचारायचं होतं. तोंडातून आलं, “जेवलीस का?”

स्क्रू बशीत टाकल्याचा बारीक आवाज आला. “हो, जेवले,” ती सांभाळून म्हणाली. “तुम्ही कोण?”

तुम्ही.

“अंकिता,” मी म्हणाले. “शिरूरहून.” हे नाव आजवर मला सगळ्यांनी हाक मारायला वापरलं होतं, मी स्वतः ते कुणाला सांगितलं नव्हतं.

“बरं, अंकिताताई,” ती म्हणाली, गिऱ्हाइकाशी मी बोलते तशीच, मोकळी. “काही अडकलं, तर इकडं पाठवून द्या. मी इथंच असते.”