एबलच्या खोलीतल्या माश्या

केझाया बेडोजच्या जिन्यावर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. भर जानेवारी, कुंपणांवर बर्फ, आणि वर तिच्या मेलेल्या मुलाच्या, एबलच्या खोलीत खिडकीची काच माश्यांनी काळी झालेली. खिडकीपाशी सेप्टिमस क्रम्प हात पसरून उभा. गुरांच्या नायट्यांवर मंत्र घालता घालता हा गडी आता मेलेल्यांशी बोलायला लागला होता. मंत्र फुकट असे, पण आधी खारवलेलं डुक्कर आणि मागून सफरचंदाची दारू लागे.

“या माश्या नव्हेत. एबलच्या मधमाश्या मरून परत आल्यात,” तो म्हणाला. “पाठीवरची सोनेरी लव बघा.” त्याने एक चिरडून केझायाच्या नाकाशी धरली.

“मधाचा वास,” म्हातारी म्हणाली.

आमच्या श्रॉपशरच्या डोंगरात रीतच होती. घरधनी गेला की बायकोने दाराच्या किल्लीने मधपेटी वाजवायची आणि मधमाश्यांना ती बातमी सांगायची, नाहीतर त्या मरतात. एबलची बायको ओल्वेन पडली परमुलखातली, वेल्सची. ती नवऱ्याचा हात धरून बसली होती, तिला आठवण कोण करून देणार? बातमी सांगायची राहूनच गेली. आता क्रम्पचं म्हणणं, ती या छपराखाली आहे तोवर माश्या येतच राहणार. तिचं गाठोडं दाराशी आलं होतं. कडेवर तान्हं पोर, माहेरी कुणी उरलेलं नाही, आणि दुपारची बस यायची होती.

मी शेजारची, तेव्हा नवीन लग्न झालेली. मला राहवेना. धावत जाऊन शाळेच्या पार्जेटरबाईंना घेऊन आले.

बाईंनी आल्या आल्या क्रम्पला विचारलं, माश्यांना तुम्ही बोलावता, तर खोलीत शेगडी कशाला पेटवलीत?

“मेलेल्यांना थंडी वाजते, बाई.”

लोकांनी गंभीरपणे माना डोलावल्या. बाई म्हणाल्या, मग चला शेजारी हिच्या घरी, तिथे कुणी मेलेलं नाही.

आमच्या गावात वरच्या मजल्यावर शेगडी पेटे ती बाळंतपणाला, नाहीतर शेवटच्या दुखण्याला. बाईंनी आमच्या वरच्या खोलीत ती नुसतीच पेटवायला लावली, तेव्हा कोळसा जळताना बघून माझ्या नवऱ्याचा जीव तुटत होता. बाईंनी सगळ्यांना गप्प बसवलं, क्रम्पलाही. ते त्याला फार जड गेलं. खोली उबदार झाली, तशी छताच्या फटीतून एक माशी झिंगल्यासारखी खाली पडली. मग दहा, मग घोळका, आणि सगळ्या खिडकीकडे निघाल्या. बाईंनी एक चिरडली. तोच मधाचा वास.

“या घरात कधी मधमाश्या पाळल्यात?” बाईंनी विचारलं.

“उंदरांशिवाय काही पाळलं नाही,” नवरा म्हणाला.

मग बाईंनी एक माशी केझायाच्या तळहातावर ठेवली. “जन्मभर मधमाश्या सांभाळल्यात तुम्ही. त्यांना पंख चार. हिचे मोजा.”

केझायाने चष्मा चढवला. “दोन,” ती म्हणाली.

बाईंनी समजावलं. ही माशी कुरणात अंडी घालते. तिची अळी गांडुळाच्या अंगात शिरून वाढते. शरदात या माश्या घोळक्याने माळ्यावर झोपायला येतात, आणि ऊब लागली की जाग्या होऊन उजेडाकडे निघतात. चावत नाहीत, रोग आणत नाहीत. आजवर हिवाळ्यात वर शेगडी क्वचितच पेटे, म्हणून कुणाच्या लक्षात आल्या नव्हत्या.

“आणि आमच्या खऱ्या मधमाश्या?” केझायाने विचारलं.

बाईंनी तिला तिच्याच परसात नेऊन मधपेटीला कान लावायला सांगितलं. ती बराच वेळ तशीच वाकून होती. आत गुणगुण चालू होती.

“न सांगताच जगल्या,” ती पुटपुटली. मागे वळली तर दारात ओल्वेन उभी. “पोर गारठलंय, आत ये, बाळ. गाठोडं मी आणते.”

क्रम्प तोवर दुपारच्या बसने निघून गेला होता.

आज माझी ऐंशी उलटली. माश्या अजून येतात, मी खिडकी उघडून त्यांना वाट करून देते. तुम्हाला एवढंच सांगते. कुणी चमत्कार दाखवून एखादीला उंबऱ्याबाहेर काढायला सांगितलं, तर आधी तिला थांबवा आणि मग चमत्कार तपासा.