रिकामे हात

त्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले आणि समोरच्या समुद्राकडे बघत बसला. मागे विहिरीपाशी बायको सायकल मारत होती. कर्र-खट्, कर्र-खट्.

बेटावरचा नियमच होता तसा. वीज नाही, मोटर नाही. अंघोळीचं पाणी ज्याने त्याने विहिरीवरच्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलीने ओढायचं. लेकीने हौसेने ही चार दिवसांची सहल काढून दिली होती, आणि निघताना बायकोने त्याच्याकडून शब्द घेतला होता की कुठल्याही अवजाराला हात लावायचा नाही. गृहस्थ सायकल दुरुस्तीवाला. लेकीच्या लग्नातसुद्धा नव्या कपड्यांनिशी कुणा पाहुण्याची सायकल उलटी करून बसला होता. त्या दिवशीच्या फोटोत बायको एकटीच उभी आहे. त्याबद्दल ती कधी अवाक्षर बोलली नाही. म्हणूनच या वेळी शब्द मोडायची त्याची छाती नव्हती.

पण सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. शब्द देऊनही त्याने सदऱ्यांच्या घडीत एक पाना दडवला होता. इथे येऊन बघतो तर गायब! विचारायची सोय नव्हती, म्हणून बिचारा मूग गिळून बसला होता.

खट्. चेन उतरली.

"ढिली झालीय," त्याला राहवलं नाही.

"ऐकलं मी."

"मागचं चाक जरासं ओढलं ना, की..."

"अहो, समुद्र बघा."

तो समुद्र बघू लागला. समुद्राला कसलीच दुरुस्ती लागत नव्हती, हीच त्याची पंचाईत होती.

बेट सांभाळणाऱ्या बाई ओशाळून सांगून गेल्या, "मिस्त्री गुरुवारच्या होडीने येईल हो. तोवर पोहऱ्याने काढावं लागेल पाणी."

मग मागून एक ओळखीचा आवाज आला. घट्ट बसलेला नट सुटताना होतो तो. त्याने चमकून वळून पाहिलं. बायको चाकाशी उकिडवी बसली होती आणि तिच्या हातात त्याचाच पाना होता. तिने चेन चढवली, चाक मागे ओढलं, चेन अंगठ्याने दाबून पाहिली, नट आवळले आणि मान हलवली. अगदी तो हलवतो तशी. मग पिशवीतून तेलाची बाटली काढली.

"अगं, चेनला केसांचं तेल?"

"दोन दिवसांपुरतं चालतं. तुम्हीच सांगता गिऱ्हाइकांना."

"हे सगळं शिकलीस कधी?"

"तीस वर्षं दुकानात तुमच्या मागे स्टुलावर बसलेय. दुसरं होतं काय बघायला?"

इतकी वर्षं त्याने न बघता हात मागे करायचा आणि हातात हवं ते पडायचं. देणारं माणूस कसं दिसतं, ते तो आज बघत होता. तिच्या गालाला काळा डाग लागला होता. त्याला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त बरं वाटलं.

तिने हातानेच पायडल फिरवलं तशी चेन सरसर फिरू लागली. वर हौदात पाण्याची धार पडली. बायकोने चेनवरची नजर न काढता हात मागे केला.

"चिंधी."

चिंधी कुठून असणार? त्याने लेकीने दिलेला कोरा रुमाल खिशातून काढला आणि उठून तिच्या हातात ठेवला. रुमाल काही अवजार नव्हे.