टोमण्यांचा निरोप

डेस्मंड ग्रिमशॉच्या निरोपाचं भाषण कॉरिनने करायचं, हे बेरिलने किटली चालू करता करता ठरवून टाकलं. बेरिल टॅटरसॉल प्रयोगशाळेचं ऑफिस सांभाळायची, आणि तिने ठरवलेलं सहसा फिरत नसे.

"मी?" कॉरिन म्हणाली. "हॅरल्डच्या वेळी काय झालं ते विसरलीस का?"

"विसरते कसली! म्हणून तर आधी सांगतेय, बाळ. या वेळी जरा माणसासारखं बोल. चांगलं काही बोलू नकोस."

इंग्लंडात, लँकशरमधल्या टेकडीवरच्या त्या पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत कॉरिन हाल्व्हर्सनला दहाएक वर्षं झाली होती. ती मूळची अमेरिकेतल्या मिनेसोटाची. इंग्रजी ही आपली मातृभाषा आहे, अशा समजुतीत ती इथे आली, आणि पहिल्याच आठवड्यात ती समजूत गेली. विमान कंपनीने सामान हरवलं होतं, म्हणून ती वैतागली होती, आणि तसं तिने भेटेल त्याला सांगितलं. तिच्या गावी ज्या शब्दाचा अर्थ 'वैतागलेली' असा होता, त्याचाच इथे अर्थ 'प्यायलेली' असा होता. वेळ सकाळची होती. तिच्या टेबलावरच्या ॲसिडच्या बाटल्या हळूच दुसरीकडे गेल्या.

शेजारच्या टेबलावरचा डेस्मंड रोज आल्या आल्या विचारायचा, "बरी आहेस ना?" कॉरिन हातातलं काम ठेवून नीट उत्तर द्यायची. झोप कशी लागली, खोलीत ओल किती आहे, डावा गुडघा काय म्हणतो. महिनाभराने त्याला राहवलं नाही. "ए अमेरिका, मी नुसता नमस्कार करत होतो गं."

तिच्या पहिल्या व्याख्यानानंतर तो म्हणाला होता, "अगदी बॉम्बसारखं झालं!" तिच्याकडे बॉम्ब म्हणजे पुरतं आपटणं. ती गाडीत बसून रडली. घरी पोचल्यावर घरमालकिणीने सांगितलं की इथे याचा अर्थ धमाल उडवली असा होतो. मग रडण्याचं कारण उरलं नाही, पण सुरू केलंच होतं म्हणून ती आणखी थोडं रडली.

त्यानंतर कॉरिनने इथले शब्द शिकायचा सपाटा लावला. तिने तो इतक्या निष्ठेने लावला की एकदा बेरिल म्हणाली, "बाई गं, माझी आजीसुद्धा असं बोलत नव्हती." मिनेसोटात बहिणीला फोन केला की ती विचारायची, "तू नाटकात वगैरे काम करतेस का हल्ली?" अशा रीतीने कॉरिनने दोन्ही देशांत हसं करून घ्यायची सोय स्वतःच्या कष्टाने केली होती.

पण शब्द जमले तरी खरी अडचण वेगळीच होती. इथे जो माणूस आवडतो त्याला घालूनपाडून बोलायचं असतं. कुणी अदबीने, नीट, गोड बोलायला लागलं की समजावं, आपलं काहीतरी बिनसलंय. हे ठाऊक नसताना तिने हॅरल्डच्या निरोपाला मनापासून कौतुक केलं होतं. "तुम्ही आम्हा सगळ्यांची प्रेरणा आहात, आमचं तुमच्यावर प्रेम आहे." खोलीभर माणसं आपापल्या चहात बघत राहिली. हॅरल्ड "गाडीचे दिवे चालू राहिले वाटतं" असं पुटपुटत बाहेर गेला, तो केक कापायलाही परत आला नाही.

आणि आता डेस्मंड. तो नॉर्थंबरलंडला, समुद्रकाठी, बहिणीकडे राहायला चालला होता. फोनवर तो बोलत नसे, पत्र लिहिण्यातला तो नव्हता. सांगायचं ते निरोपाच्या दिवशीच सांगायला हवं होतं, आणि त्याला झेपेल अशा भाषेत.

कॉरिनची आई गेली तेव्हा मिनेसोटात बर्फाने विमानतळ बंद होता. तिला जाता आलं नाही, म्हणून ती कामावर आली. डेस्मंडने आपलं स्टूल तिच्या शेजारी ओढलं आणि दिवसभर तिथेच बसून आपली कामं केली. संध्याकाळी कोट घालताना तो म्हणाला, "जरा वाईटच झालं हे."

"जरा?" ती त्याच्या अंगावर ओरडली होती. "जरा?"

तो दिवे मालवायला गेला. आपल्या भाषेत यापुढे शब्दच नसतो, हे त्याने तिला सांगितलं नाही. तिला ते कळायला दोन-तीन वर्षं लागली, आणि तोवर माफी मागायची वेळ निघून गेली होती. शिवाय माफी मागितली असती तर तो हॅरल्डसारखा गाडीचे दिवे बघायला गेला असता.

म्हणून आठवडाभर कॉरिनने भांडी घासताना घरच्या चहादाणीला टोमणे मारले. हे काम तिच्या ओळखीचं निघालं. प्रयोगशाळेतही ब्युरेटच्या काचनळीतून पाण्यात थेंब थेंब सोडायचा; योग्य जागी थांबलं तर बरोबर, एक थेंब जास्त पडला की सगळं गुलाबी.

शुक्रवारी दुपारी नमुन्यांचं टेबल पुसून त्यावर अंड्याची सँडविचेस आणि केक मांडले. कॉरिन उभी राहिली. बेरिलने डोळे मिटून घेतले.

"डेस्मंडसाठी शास्त्रीय शब्द शोधत होते," कॉरिन म्हणाली. "'अविद्राव्य' त्यातल्या त्यात जवळ जातो. कशातही मिसळत नाही, आणि ढवळलं नाही तर तळाशी बसून राहतो."

"तळाशी गरम असतं!" डेस्मंड ओरडला. हशा झाला.

"इतकी वर्षं तो आपला डबा 'विषारी' अशी चिठ्ठी लावून फ्रीजमध्ये ठेवतो. एकदा मी त्यातलं सँडविच खाल्लं. चिठ्ठी खरी होती."

टेबलावर चहाचे मग आपटले गेले. डेस्मंड मान हलवत, खूश होऊन, जमिनीकडे बघत होता.

"तो गेला की फ्रीजमध्ये जागा होईल," कॉरिन म्हणाली. "बाकी काही नाही." आणि ती थांबली. पाणी गुलाबी झालं नव्हतं. तिला स्वतःचा असा काही अभिमान वाटला की बहिणीला ते कधीच समजावता आलं नसतं.

आता डेस्मंडने "बरंय, सँडविचेस वाळतायत" म्हणायचं आणि संपवायचं, असा रिवाज. पण तो उठला, स्वेटर खाली ओढला आणि थेट कॉरिनकडे बघू लागला. त्याची मान लाल झाली होती.

"कॉरिन," तो म्हणाला. नाव घेऊन. आणि तेही बळेच ओढूनताणून आणलेल्या अमेरिकी सुरात. "तू जबरदस्त आहेस. मला तुझा फार अभिमान वाटतो. तुझ्यामुळे माझं आयुष्य बदललं. आय लव्ह यू, यार!"

खोलीत सगळे आपापल्या चहात बघू लागले. कॉरिनलाही काहीतरी करायला हवं होतं. तिच्या मायदेशात अशा वेळी उठून मिठी मारतात. ती उठली, आणि तिच्याच तोंडून तिला ऐकू आलं, "बरं, बरं. सँडविचेस वाळतायत."

"पंधरा दिवस माझ्यासमोर तालीम केली त्याने," बेरिल नंतर तिच्या कानाशी पुटपुटली. "मला दर वेळी बाहेर जावं लागायचं. आणि तू काय, तर सँडविचेस!"

दहा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिच्याशी तिच्या मातृभाषेत बोललं होतं, आणि तिने लँकशरच्या म्हातारीसारखं उत्तर दिलं होतं. कॉरिन कोट न घालता धावत बाहेर गेली. डेस्मंड गाडीत बसला होता. तिने काचेवर टकटक केली. काच खाली आली.

"बरी आहेस ना?" तो म्हणाला.

"नाही," कॉरिन म्हणाली. पहिल्या महिन्यानंतर तिने या प्रश्नाला प्रथमच खरं उत्तर दिलं. मग तिने श्वास घेतला. "तू गेल्यावर जरा वाईट वाटेल."

डेस्मंडने तिच्याकडे पाहिलं.

"जरा?"

"हो. जरा."

"अगं ए अमेरिका," तो म्हणाला, "एवढं बोलतात का कुणी." त्याने काच वर केली. बाहेर लख्ख ऊन होतं, तरी त्याने वायपर चालू केले, आणि गाडी काही बराच वेळ हलली नाही.