दाबाशिवाय विरोध शून्य

देवघरातली घंटी किणकिणली आणि दुपारची शांतता मोडली. लेक निजली होती, तोवर मी उद्याची बॅग भरत होते. आज खंडेनवमी. कोरेगावच्या या घरात आज कोयत्याला मान, खोऱ्याला मान, सासऱ्यांच्या पलटणीतल्या पट्ट्यालाही मान. माझ्या कामाला मात्र अजून नाव नव्हतं. 'संयूचं ते सांगलीचं', एवढंच.

'ते सांगलीचं' म्हणजे तांदळाएवढा स्फटिक, सांगलीच्या प्रयोगशाळेत मीच वाढवलेला, उद्याच्या प्रवासासाठी घरी आणलेला. सेरियमच्या एका अणूला इंडियमचे तीन. भेळेसारखी मिसळ नव्हे, पंगत. प्रत्येकाचं पान ठरलेलं. प्रचंड दाब आणि गोठवणारी थंडी दिली की हा विजेला काडीचा विरोध करत नाही. आदर्श सुनेची व्याख्या आमच्याकडे हीच. फक्त तिला तपासायला मुंबईच्या यंत्राची गरज नसते. स्फटिकाला होती. उद्या त्या यंत्रावर मोजमाप झालं, तरच माझी संशोधनातली जागा टिकणार होती.

सासूबाईंनी, बनुबाईंनी, मागं विचारलं होतं, "उपेग काय गं त्याचा?"

"वीज वाया न जाता कशी वाहते ते कळतं, आत्या."

"मग मोटरीला दिवसा लाइट येणार व्हय?"

"न्हाई."

"मग कशाला मेलं!"

आता त्यांचीच हाक आली. "संयू, बघ तरी! औंदा तुझंबी हत्यार पुजलं."

कोयता आणि पट्ट्याच्या मधोमध, विड्याच्या पानावर, हळदीकुंकवात माखलेला माझा स्फटिक. वर झेंडूचं फूल.

"कवापासनं डबीत कोंडलंवतंस. सकाळधरनं दुधात ठेवलं, लख्ख व्हावं म्हणून."

ओल लागू नये, म्हणून तर ती हवाबंद डबी. मी नखानं टोकरलं. काळवंडलेला कोपरा भुगा होऊन बोटावर आला.

"झालं न्हवं लख्ख?" लग्नानंतर पहिल्यांदाच त्या माझ्या कामाकडं एवढ्या कौतुकानं बघत होत्या.

"झालं की, आत्या."

विरोध शून्य. तोही दाबाशिवाय, घरातल्या उकाड्यात. असला शोध जगात अजून कुणाला लागलेला नाही.

घंटीनं जागी झालेली शिवांजली डोळे चोळत आली. आधी उघडी बॅग बघितली, मग माझं बोट.

"मोडलं?"

"व्हय, बाळा."

ती मांडीत शिरली. गालाला गाल लावून, आजीला ऐकू जाणार नाही असं, आनंद लपवत म्हणाली, "आई, मग उद्या तू घरीच न्हवं?"