चकाचक नाला

ऑफिसात मला सगळे गटारबाई म्हणतात. म्हणोत बापडे. वीस वर्षं पालिकेच्या सांडपाणी विभागात इंजिनीयर म्हणून काढल्यावर कुणी गुलाबबाई म्हणेल, अशी माझी अपेक्षाही नाही. मला राग येतो तो आवरासावरीचा. पाहुणा यायचा म्हटलं की आमच्या पालिकेला आवरायचा झटका येतो. बडा माणूस येणार? लगेच रस्त्याला पांढरे पट्टे. तपासणी येणार? लगेच कचराकुंड्यांना रंग. त्या झटक्यानं त्या मंगळवारी माझं असं काही वाटोळं होत आलं होतं, की विचारू नका.

आमच्या शहराच्या मधोमध एक नाला आहे. घराघरांतलं सांडपाणी, कारखान्यांचं रंगीत पाणी, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळ्यांचा मुक्काम त्यात. हे पाणी बंद पाइपात घालायचं, खाली शुद्धीकरण केंद्र बांधायचं, असं चार टप्प्यांचं काम मी आखलं होतं. पालिकेच्या तिजोरीत तेवढा पैसा सात जन्मांत यायचा नाही. म्हणून आमच्यासारख्या शहरांना असल्या कामासाठी स्वस्तात कर्ज देणाऱ्या एका मोठ्या बँकेकडे अर्ज केला. तीन वर्षं त्या फायलीमागे माझ्या चपला झिजल्या. आता बँकेच्या बाई स्वतः नाला बघायला येणार होत्या. त्यांनी ‘गरज आहे’ असं लिहिलं तर गाडी पुढे. नाही तर फाइल बंद, आणि पुन्हा अर्ज करायचा तो पाच वर्षांनी.

पाच वर्षं मला चालली असती, माझ्या मामाला नाही. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, निवृत्त बसचालक. नाल्याकाठच्या गल्लीत शेवटच्या दोन खोल्यांत एकटा राहतो. आईवडील गेल्यावर मला त्यानंच वाढवलं. नाला तुंबला की पाणी पहिलं त्याच्या स्वयंपाकघरात शिरतं. माझ्याकडे राहायला ये म्हटलं की म्हणतो, “माझं घर काय पळून चाललंय?” पाणी आलं होतं का विचारलं की म्हणतो, “छे! एकदा आलं होतं, त्याला झाली दोन वर्षं.”

म्हणून मी आमच्या विभागाच्या साहेबांना आधीच हात जोडून सांगितलं होतं, “साहेब, या वेळी काही म्हणजे काही आवरू नका. त्या घाण बघायलाच येतायत.”

“हो हो, कळलं हो,” साहेब म्हणाले.

कळलं कसलं डोंबल! दोन दिवस मी नकाशांच्या कामाला बाहेरगावी होते. मंगळवारी सकाळी बँकेच्या बाईंना घेऊन थेट नाल्यावरच्या पुलावर आले, खाली पाहिलं आणि माझे डोळेच पांढरे झाले. नाला कोरडा ठणठणीत! तळ खरवडून काढलेला, दोन्ही काठांना चुन्याच्या रेघा, रेघांवर फुलझाडांच्या कुंड्या. वास म्हणाल तर फिनेलचा. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्या पुलावर नाकाला रुमाल न लावता उभी होते, आणि मला रडू येत होतं.

साहेब छाती फुगवून उभे होते. शेजारी आमचे स्वच्छता निरीक्षक. दिसेल तिथे पावडर मारतात म्हणून त्यांना आम्ही पावडरशेठ म्हणतो.

बँकेच्या बाई शांत स्वभावाच्या. गळ्यात चष्मा, हातात जाड वही. त्यांनी माझ्या अहवालातला नाल्याचा फोटो बाहेर काढला, खाली पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

“हा हाच नाला आहे?” त्यांनी मला विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, “हाच, मॅडम! सगळं आमच्या यंत्रणेनं केलंय. एक पैसा बाहेरून घेतला नाही!”

“मग आता बाहेरून घ्यायची गरज काय?” बाई म्हणाल्या.

साहेबांचं हसू तसंच राहिलं. त्यांना प्रश्नच कळला नव्हता. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं ते अशा नजरेनं, जणू ते सगळे फोटो मी दुसऱ्याच कुठल्या नाल्याचे लावले होते.

मी पावडरशेठना बाजूला ओढलं. “पाणी कुठाय?”

“अडवलंय की!” ते खुशीत म्हणाले. “वरच्या वळणावर वाळूची पोती टाकलीत. चार वाजेपर्यंत थेंब खाली यायचा नाही.”

वरच्या वळणावर मामाची गल्ली.

“मॅडम,” मी म्हटलं, “दहा मिनिटं माझ्याबरोबर चला.”

“अहो, मॅडमच्या सत्काराची वेळ झाली!” साहेब मागून ओरडले.

“तो पावडरशेठचा करा,” मी म्हटलं. नोकरी गेली तर गेली, एवढी माझ्या डोक्यात तिडीक गेली होती.

गल्लीच्या तोंडापासूनच घोट्याएवढं काळं पाणी. बाईंनी निमूटपणे बूट काढून हातात घेतले, पँट दुमडली आणि माझ्यामागून चालू लागल्या. त्या क्षणी मला त्या आवडल्या.

मामाचं दार उघडं होतं. खाटेच्या पायांखाली विटा, गॅसची शेगडी टेबलावर, चपला पाण्यावर तरंगतायत. आणि मामा? आम्हाला गल्लीतून येताना त्यानं पाहिलं असणार. घाईघाईनं कपाळावरचे केस सारखे करून, खाटेवर धुतलेली चादर अंथरून, खुर्चीवर निवांत बसल्याचं दाखवत होता. घरभर अत्तराचा वास. अख्खी बाटली ओतली होती लबाडानं.

“या या,” मामा म्हणाला. “आज जरा नळ गळला. बाकी काही नाही.”

“नाल्याचं पाणी येतं का तुमच्याकडे?” बाईंनी विचारलं.

“नाल्याचं? छे! नाला चांगलाय आमचा. काही त्रास नाही.”

मी कपाळावर हात मारून घेतला. “मामा, हे काय बोलतोयस? काळं पाणी कुठल्या नळाला येतं रे?”

“तू गप्प बस गं.”

“नाही बसणार! पाहणीवाले फॉर्म घेऊन आले तेव्हाही तू हेच सांगितलंस ना? अख्ख्या गल्लीची तक्रार, आणि तुझ्याच घरापुढे ‘त्रास नाही’. का?”

मामानं माझ्याकडे पाठ केली. मग बाईंना म्हणाला, “हिच्याच खात्याचं काम आहे ते. तक्रार लिहिली की बोट कुणाकडे जाणार? हिच्याकडे. वरून लोक म्हणायचे, हिचं नाव मामानंच खराब केलं. म्हणून म्हटलं, आपल्या दोन खोल्यांचं काय, पुसून घेऊ.”

वीस वर्षं मी गावभर भांडते, आणि हा माणूस माझ्यासाठी खोटं बोलत घाण पुसत बसला होता.

“मामा,” मी म्हटलं, “अरे, तू खरं सांगितलंस तरच माझं काम होणार आहे.”

“असं होय?” तो म्हणाला. “मग आधी सांगायचंस ना, शहाणे.”

तो उठला, पाण्यातून दारापाशी गेला आणि दाराजवळ खाली लोंबणारं कॅलेंडर बाजूला केलं. मागे भिंतीवर, पाणी जिथवर चढलं तिथे, पेन्सिलीच्या रेघा होत्या, एकावर एक, प्रत्येकीपुढे बारीक अक्षरात तारीख आणि वेळ. ड्रायव्हरची सवय, नोंद केल्याशिवाय चैन पडत नाही. मी मोजल्या. तेवीस. सगळ्यांत वरची माझ्या कमरेपर्यंत होती.

बाईंनी चष्मा लावला, एकेक तारीख वहीत उतरवून घेतली, फोटो काढले, बाटलीत पाणी भरून घेतलं. मग खाटेच्या कडेला बसून माझा नकाशा मांडीवर पसरला.

“गरज आहे असं मी लिहीनच,” त्या म्हणाल्या. “पण एक समजत नाही. पाणी जिथे सगळ्यांत आधी चढतं ती ही गल्ली तुम्ही चौथ्या टप्प्यात का टाकलीत? इथलं पाणी उपसणारं पंपघर आधी बांधता येत नाही?”

“येतं.”

“मग?”

मामासमोर सांगायचं म्हणजे जिवावर आलं होतं. पण आता त्याच्यामागोमाग मीही खोटं बोलायचं?

“इथे माझा मामा राहतो,” मी म्हटलं. “पहिल्या टप्प्यात घेतली असती तर सगळे म्हणाले असते, बाईनं सरकारी पैशानं नातेवाइकाचं घर कोरडं केलं.”

मामानं विचारलं, “चौथा टप्पा म्हणजे कधी?”

“पाच वर्षांनी.”

त्यानं बोटांवर हिशेब केला. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी. पुढची बोटं त्यानं मोजलीच नाहीत.

“बाई,” तो म्हणाला, “लिहा, पहिला टप्पा. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. कुणी विचारलं तर सांगा, मामानं स्वतः मागून घेतलं.”

मी तिथेच खाटेवर बसले, त्या धुतलेल्या चादरीवर, आणि पाहुण्या बाईंसमोर लहान पोरीसारखी रडले. मामा माझ्या पाठीवर थापट्या मारत राहिला. बाईंनी पेन काढलं आणि नकाशावर गल्लीपुढचा चार खोडून तिथे एक लिहिला.